मंगळवारची तीन अक्षरं

विजया काकूंना नवं माणूस भेटलं की नाव-गाव विचारून होताच त्या त्याच्या आडनावातली तीन इंग्रजी अक्षरं उचलायच्या आणि म्हणायच्या, ही तिन्ही ज्यात येतात असा एक शब्द सांग बघू. क्रम कुठलाही चालेल, मध्ये बाकीची अक्षरं कितीही आली तरी चालतील, पण तिन्ही हवीतच. माझी आणि त्यांची पहिली भेट टोकियोतल्या निशी-कासाई भागात, आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये झाली. मला पुण्याहून येऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि हातात एक कोबी होता. पेंडसे या आडनावातून त्यांनी पी, एन आणि ई काढून दिले. मी गडबडून म्हटलं, “एक्स्पेन्सिव्ह.” काकू इतक्या हसल्या की लिफ्ट आमच्या मजल्यावर येऊन उघडली आणि पुन्हा मिटली. नुकतीच आलीस वाटतं, असं म्हणून त्यांनी माझ्या हातातला कोबी उलटसुलट करून पाहिला आणि तो त्या दुकानातून का घ्यायचा नाही ते सांगितलं.

काकू मूळच्या नाशिकच्या. तिथल्या शाळेत काही वर्षं त्यांनी इंग्रजी शिकवलं होतं. त्यांचे यजमान, आगाशे काका, धातूंवर संशोधन करणारे; त्यांना टोकियोतल्या एका संस्थेत नोकरी मिळाली तेव्हा काकू त्यांच्या मागोमाग आल्या आणि मग दोघं इथलेच झाले. मुलगा रोहित पुण्यात, नोकरी-संसारात रमलेला. इतकी वर्षं राहूनही काकूंनी जपानी भाषेशी फारसं जुळवून घेतलं नाही. नमस्कार, आभार, माफ करा आणि ठीक आहे, एवढ्या भांडवलावर त्यांनी टोकियोत संसार केला. स्टेशनजवळच्या भाजीवाल्याशी त्या सरळ मराठीत बोलत आणि तो सरळ जपानीत. दोघांचं एकदा भेंडीवरून भांडणही झालेलं मी ऐकलं आहे, आणि त्यात काकूच जिंकल्या असाव्यात, कारण भेंडी त्यांच्या पिशवीत होती.

दर मंगळवारी सकाळी वस्तीतल्या सभागृहात त्या जपानी बायकांना इंग्रजी शिकवत. बहुतेक जणी साठीच्या पुढच्या. या बायकांनी शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी घोकलेलं होतं, व्याकरण तर माझ्यापेक्षा पक्कं होतं, पण तोंड म्हणून उघडत नसत. चूक होईल, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, म्हणून हसायचं आणि मान लववायची. पहिले काही महिने काकू एकट्याच बोलत राहिल्या आणि घरी येऊन काकांवर चिडत राहिल्या. मग एका मंगळवारी त्यांनी मुलांच्या खेळातल्या लाकडी चकत्या नेल्या, एकेका चकतीवर एकेक इंग्रजी अक्षर. खणाच्या पिशवीतून एकीला तीन चकत्या काढायला लावल्या. शब्द शोधण्यात उच्चार चुकायची भीती नाही, वाक्य मोडायची भीती नाही. शब्द एकतर सापडतो नाहीतर सापडत नाही, यात लाजण्यासारखं काय? त्या दिवशी बायका बोलायला लागल्या, म्हणजे एकेक शब्द बोलायला लागल्या.

पुढची खुबी काकूंची. शब्द सापडला की त्या विचारत, हाच का गं आधी सुचला? त्यावर एक वाक्य स्वतःबद्दल सांगायचं. पहिला सुचलेला शब्द खोटं बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. वाक्य तयार करायला वेळ मिळाला की माणूस सजवायला लागतो, म्हणून आधी शब्द हवा, असं त्या मला भांडी विसळता विसळता समजावत. मी त्या वर्गात शिकवायला नव्हते. चहा करायला आणि खुर्च्या लावायला जायचे, आणि खरं सांगायचं तर परक्या गावात मंगळवारी सकाळी जायला एक जागा होती म्हणून जायचे.

हिरानो-सान, म्हणजे हिरानोबाई, ऐंशीच्या आजी होत्या. त्यांना कुठलीही अक्षरं द्या, त्यातून खायची वस्तू निघायची. एकदा एल, ओ, एन अशी अक्षरं आली. खोलीत बहुतेक सगळ्या विधवा किंवा मुलं दूर असलेल्या. मला सुचलेला शब्द ‘लोन्ली’ होता आणि बाकीच्यांनाही तोच सुचला असावा, कारण सगळ्या खाली बघायला लागल्या. हिरानो-सान ताठ बसून म्हणाल्या, “मेलन.” मग त्यावर त्यांचं वाक्य आलं की, नवरा दवाखान्यात असताना महागातलं मेलन आणलं होतं, त्याला एक फोड भरवली आणि उरलेलं सगळं मी एकटीने खाल्लं. बायका तोंडावर रुमाल धरून हसल्या. काकू हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, गोड होतं का? हिरानो-सान म्हणाल्या, खूप, आणि मग त्यांना रडू आलं.

वर्गात काकूंचा नियम एकच, पण कडक. एखादी शब्द शोधत असेल तर दुसरीने तो सांगायचा नाही. कितीही वेळ लागो. दुसऱ्याच्या तोंडातला शब्द काढून घ्यायचा नाही, असं त्या म्हणत, आणि मी कधी मदत करायला गेले तर चहाचा चमचा माझ्याकडे रोखत. बारीक चणीची बाई, पण तो चमचा असा धरायच्या की बोलायची छाती होत नसे.

२०११ च्या मार्चमध्ये भूकंप झाला, उत्तरेच्या किनाऱ्यावर त्सुनामी आली. त्याबद्दल सगळ्यांनी सगळं सांगून झालं आहे, त्यामुळे मी फक्त आमच्या इमारतीपुरतं सांगते. पुढच्या आठवड्यात आमची भारतीय मंडळी भराभर निघाली. कंपन्याच तिकिटं काढून देत होत्या. मी आणि माझा नवराही लहानग्या लेकीला घेऊन पुण्याला गेलो आणि महिन्याभराने परत आलो. आगाशे काकांच्या मुलाचे दिवसातून चारदा फोन येत होते. काका डळमळले होते, बॅगाही बाहेर काढल्या होत्या. काकू म्हणाल्या, “तुम्ही जा खुशाल. मंगळवारी त्या बायका येणार आणि मी दार बंद करून पुण्यात बसणार, हे मला जमायचं नाही.” काका गेले नाहीत. बॅगा तशाच दारात उभ्या होत्या, त्या मी परत आले तेव्हा आत गेलेल्या दिसल्या.

सभागृह तेव्हा बंद होतं म्हणून वर्ग काकूंच्या घरी भरायचा. वीज वाचवायची म्हणून हीटर बंद, सगळ्या कोट घालून बसलेल्या. मध्येच जमीन हलायची. चकत्या टेबलावर थरथरायला लागल्या की काकू दोन्ही तळवे त्यांच्यावर ठेवून थांबायच्या आणि हलणं संपलं की हात उचलून म्हणायच्या, हं, कुठे होतो आपण. त्या दिवसांत त्यांनी वर्गात एका शब्दावर बंदी घातली. कशा आहात विचारलं की प्रत्येक बाई म्हणायची, दाइजोबु. म्हणजे ठीक आहे, काही काळजी नको. जिचे नातेवाईक तिकडे उत्तरेच्या किनाऱ्यावर होते तीही म्हणायची दाइजोबु. इथे सगळंच ठीक असेल तर मी कशाला बसलेय, असं म्हणून काकूंनी तो शब्द दाराबाहेर चपलांशेजारी ठेवून यायला सांगितला. बायकांनी गंमत म्हणून चपला काढताना तसा अभिनयही केला.

आणि काकूंनी आणखी एक गोष्ट केली, ती फक्त मला माहीत होती. खणाच्या पिशवीतून त्यांनी डब्ल्यूच्या चकत्या काढून कपाटात ठेवल्या. वॉटर नको, वेव्ह नको, वॉश नको. मी म्हटलं, काकू, एस, ई, ए आले तर समुद्र येणारच की. त्या म्हणाल्या, अगं, स्वर काढले तर भाषाच बंद पडेल, जेवढं हातात आहे तेवढं करते. मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

शरद ऋतू लागला, वर्ग पुन्हा सभागृहात भरायला लागला, तेव्हा सातो-सान आल्या. पन्नाशीच्या, केस अगदी आखूड, नेहमी करड्या रंगाचा स्वेटर. किनाऱ्यावरचं त्यांचं गाव वाहून गेलं होतं आणि त्या नदीपलीकडे ग्योतोकुला बहिणीकडे येऊन राहिल्या होत्या. बहिणीनेच त्यांना वर्गात आणून बसवलं. त्यांच्या घरातलं कोण गेलं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायची इथे पद्धत नाही. पुलावरून सायकल चालवत त्या यायच्या, सगळ्यांच्या आधी. त्यांची पाळी आली की चकत्यांकडे बघत राहायच्या आणि हळूच म्हणायच्या, “पास.” दर मंगळवारी पास. काकू मान हलवून पुढे जायच्या. पण घरी आल्या की त्यांचं चित्त थाऱ्यावर नसायचं. पोळ्या करपायच्या. या बाईच्या तोंडून एक शब्द निघायला हवा गं, मग तो कुठलाही असो, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणायच्या. बाकी वर्गाचं काहीही होवो, त्या हिवाळ्यात काकूंना एवढी एकच गोष्ट हवी होती.

सातो-सान बोलायच्या नाहीत, पण आवरायच्या. वर्ग संपला की सगळ्या चकत्या एपासून झेडपर्यंत ओळीने मांडून, पुसून मग पिशवीत भरायच्या. तसं मांडतानाच त्यांच्या लक्षात आलं असणार. एका मंगळवारी त्या आल्या आणि कोट काढायच्या आधी रुमालात बांधलेलं काहीतरी दोन्ही हातांनी काकूंपुढे धरलं. माशाची वाफवलेली वडी इथे बाजारात लाकडाच्या छोट्या फळीवर बसवून मिळते. घरोघरी बायका ती फळी धुऊन जपून ठेवतात, काही ना काही करायला. तशा फळ्यांतून सातो-साननी चकत्या कापल्या होत्या, कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या आणि वर शाईने डब्ल्यू काढला होता. मोडक्या इंग्रजीत त्या इतकंच म्हणाल्या, हरवलं होतं, मी केलं.

कुणाची वस्तू हरवली तर तसं बोलून न दाखवता ती भरून द्यायची, ही इथली रीत. त्यांना वाटलं, काकूंकडून अक्षर हरवलं आणि काकू संकोचाने बोलत नाहीत. आता काकू काय सांगणार? तुमच्यासाठीच मी ते लपवलं, असं कसं सांगणार? त्यांनी दोन्ही हातांनी चकत्या घेतल्या, कमरेत वाकून आभार मानले आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या पिशवीत टाकल्या.

पहिल्या खेपेला डब्ल्यूची चकती आली नाही. दुसऱ्या खेपेला हिरानो-साननी हात घातला आणि डब्ल्यू, ए, टी निघाले. प्रत्येकीला सुचलेला शब्द एकच होता आणि तो कुणी बोलणार नव्हतं. एकीने घाईघाईने ‘वॉच’ म्हटलं, त्यात टी येतं का ते बघायच्या आधीच बाकीच्यांनी माना डोलावल्या. काकू पिशवीचा बंद आवळत होत्या. तेवढ्यात सातो-सान म्हणाल्या, “वेट.”

काकूंनी हाच का आधी सुचला, असं विचारलं नाही. नेहमीचा प्रश्न त्यांना विचारवला नाही. सातो-साननीच नियम पाळला आणि स्वतःबद्दल वाक्य सांगितलं. “आय टेलिफोन माय मदर. आय सेड, वेट. आय कम बाय कार. यू वेट.” मग बराच वेळ त्या चकत्यांकडे बघत राहिल्या. मी चहाची किटली हातात घेऊन उभी होते आणि ती खाली ठेवायचंही मला सुचत नव्हतं. कुणी शब्द पुरवला नाही. शेवटी त्या म्हणाल्या, “माय मदर इज अ गुड पर्सन. शी वेटेड.”

काकू उठल्या, त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि टेबलाखाली त्यांचा हात धरला. वर्गाची वेळ संपली तरी सगळ्या तशाच बसून होत्या. मग सातो-साननी हात सोडवून घेतला आणि चकत्या पुसायला घेतल्या. त्या दिवसानंतर त्यांनी कधी पास म्हटलं नाही. पुढे तर आईचे लोणच्याचे हट्ट, तिचे मोठ्याने लागलेले टीव्हीचे कार्यक्रम, सगळं त्या मोडक्या इंग्रजीत यायला लागलं आणि हिरानो-सान त्यांना पाककृती विचारायला लागल्या.

काकू मात्र त्या दिवशी घरी आल्या त्या कोट न काढता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. “तिचंच अक्षर मी कपाटात कोंडून ठेवलं होतं गं,” म्हणाल्या. “तिला त्रास नको म्हणून. आणि ती बिचारी घरी बसून तेच कापत होती.” काका पाणी घेऊन आले. काकूंनी ते बाजूला ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच, असं पुढे बरीच वर्षं म्हणता आलं.

मंगळवार चालू राहिले. माझी लेक मोठी होत गेली, मराठीत विचारलेल्याला जपानीत उत्तरं द्यायला लागली. काकू तिला तीन अक्षरं द्यायच्या आणि ती पटकन शब्द फेकायची, आजी हरल्या म्हणून नाचायची. काकू खोटं खोटं हरत. इमारतीतली भारतीय कुटुंबं आली, गेली, नवी आली. काका निवृत्त झाले आणि दिवसभर घरात काकूंच्या पायात पायात यायला लागले. त्यांचा जीव काकूंवर होता, पण तो ते सांगत नसत, पाण्याचे ग्लास आणून देत.

मग एका सकाळी काकू डाळ निवडता निवडता खाली कोसळल्या. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला, उजवा हात आणि पाय गेला आणि वाचा गेली. ऐकलेलं बरंचसं कळायचं, डोळे ओळखायचे, पण शब्द निघायचा नाही. नाशिकचं मराठी गेलं, शाळेतलं इंग्रजी गेलं. उरला एकच शब्द, जो काही न ठरवता तोंडातून निघतो, आणि तो निघाला जपानी. दाइजोबु. दुखतंय का विचारलं, दाइजोबु. घरी जायचं का, दाइजोबु. पाणी हवंय की नकोय, त्यालाही तेच. डॉक्टर म्हणाले, असं होतं, रोजच्या सवयीचे शब्द वाचतात. काकूंनी ज्या शब्दाला दाराबाहेर ठेवलं होतं तो एकटाच आत राहिला होता, आणि तो निघाला की त्यांचा चेहरा असा व्हायचा की माझ्याने तिकडे बघवत नसे.

दवाखान्यात बोलायला शिकवणारी तरुण मुलगी रोज चित्रं घेऊन यायची. छत्री, सफरचंद, घड्याळ. सगळी नावं जपानीत, आणि काकूंना ती धड कधी येतच नव्हती. तिने बिचारीने माझ्याकडे मराठी साहित्य मागितलं, मी चार चित्रांखाली नावं लिहून दिली. वर्गातल्या बायका पाळ्या लावून यायला लागल्या. सातो-सान दर मंगळवारी सायकलवरून यायच्या, पिशवीतून तीन चकत्या काढून पलंगावरच्या ट्रेवर मांडायच्या आणि शेजारी बसायच्या. काकू डाव्या हाताने चकत्या फिरवायच्या. कधी एखादी उचलून बराच वेळ धरायच्या. शब्द काही यायचा नाही.

काकांना ते बघवत नसे. काकूंचे ओठ हलले की काका पलंगावर ओणवे होत. “पाणी? उशी वर करू? दुखतंय का विजू? चहा? रोहितला फोन लावू?” माणूस प्रेमाने करतो ते सगळं ते करत होते. एकही शब्द काकूंच्या ओठांपर्यंत पोचायच्या आत काकांनी पाच शब्द पुढे ठेवलेले असत. काकू एकेकाकडे बघत, थकत आणि शेवटी म्हणत, दाइजोबु. काका सुटकेचा श्वास टाकत आणि मला सांगत, आज बरी आहे.

डिसेंबरातला एक मंगळवार होता. दुपार कलली होती. काका, मी आणि सातो-सान पलंगाभोवती बसलो होतो. काकूंच्या कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. काका उठून सुरू झाले, पाणी, उशी, शाल. सातो-साननी हात पुढे केला, काकांच्या छातीपुढे आडवा, आणि म्हणाल्या, “मात्ते कुदासाई.” थांबा, कृपा करून. वडीलधाऱ्या पुरुषाला असं कुणी अडवत नाही इथे, आणि सातो-सान तर रस्त्यात सायकलची घंटी वाजवायलाही लाजणाऱ्या. शिवाय कुणालाही थांब म्हणणं या बाईला किती जड जात असेल ते त्या खोलीत मला माहीत होतं. त्यांनी तो हात मागे घेतला नाही.

आम्ही थांबलो. काकूंचे ओठ उघडले, मिटले. त्यांनी डोळे बारीक केले, मान वळवली, पुन्हा आमच्याकडे बघितलं. काका दोन वेळा तोंड उघडून गप्प बसले. मला वाटलं आता तो नेहमीचा शब्द येणार आणि आपण सगळे उठणार. सातो-सान मांडीवर हात ठेवून काकूंच्या तोंडाकडे बघत होत्या, वर्गात बघायच्या तशाच. खूप वेळ गेला. मग काकू अगदी स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “पडदा.”

काकूंना ऊन मिळावं म्हणून काकांनी खास सांगून खिडकीजवळची खाट मागून घेतली होती. हिवाळ्यात सूर्य खाली येतो, आणि रोज या वेळेला पडद्याच्या फटीतून त्याची तिरीप नेमकी काकूंच्या डोळ्यांवर यायची. आम्ही सगळे त्या खिडकीकडे पाठ करून बसायचो. काही आठवडे रोज दुपारी त्या हेच सांगायचा प्रयत्न करत होत्या आणि आम्ही त्यांना पाणी पाजत होतो.

मी उठून पडदा ओढला. काका खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून ढसाढसा रडले. काकूही रडत होत्या, एका बाजूच्या चेहऱ्याने. सातो-सानना तो शब्द कळला नव्हता. मी पडदा हातात धरून दाखवला तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि तो मराठी शब्द स्वतःशी एकदा म्हणून पाहिला. त्या दिवशी बाकी काही झालं नाही. नर्सने येऊन ताप बघितला.

त्यानंतर थोडे शब्द आले. भात. नको. सुई. मधूनच एखादं नाव. त्यापुढे गाडी गेली नाही. काकांचंही वय झालं होतं, उचलणं-बसवणं त्यांना झेपेना. मुलगा येऊन राहिला आणि पुण्याला न्यायचं ठरलं. काकूंना विचारलं तेव्हा त्यांनी बराच वेळ घेतला आणि आलं ते दाइजोबुच आलं. या वेळी कुणी त्यावर विश्वास ठेवला नाही, पण दुसरा मार्गही नव्हता. पुण्यात त्या आणखी दीड-दोन वर्षं होत्या. गेल्याचं काकांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी स्टेशनच्या जिन्यावर होते आणि तिथेच बसले. लोक बाजूने जात राहिले.

पण मला त्या दिसतात त्या निघायच्या सकाळी. इमारतीच्या दाराशी टॅक्सी उभी होती. पांढरे हातमोजे घातलेला ड्रायव्हर दाराला हात लावून वाट बघत होता, सामान आत गेलेलं. वर्गातल्या बायका भिंतीला लागून ओळीत उभ्या होत्या, हिरानो-सान काठीवर भार देऊन. काकांनी चाकाची खुर्ची एकेकीपुढे नेली. प्रत्येकीने वाकून निरोप घेतला. सातो-सान शेवटी होत्या. त्यांच्यापुढे आल्यावर काकूंनी डाव्या हाताने त्यांच्या करड्या स्वेटरची बाही धरली आणि त्यांचे ओठ हलले.

सगळ्या थांबल्या. मुलगा घड्याळाकडे बघून पुढे झाला तर काकांनी त्याला दंडाला धरून मागे घेतलं. ड्रायव्हरला काही माहीत नव्हतं, तोही हात दारावर ठेवून स्तब्ध उभा राहिला. रेल्वेच्या पुलावरून एक गाडी गेली, मग उलट्या दिशेने दुसरी. काकू सातो-सानच्या चेहऱ्याकडे बघत होत्या आणि कपाळावरची शीर ताठ झाली होती. त्यांना काय म्हणायचं होतं, याचे दहा अंदाज माझ्याकडे आहेत. तेव्हाही होते. मी एकही बोलले नाही, कुणीच बोललं नाही.

शब्द आला नाही. काकूंनी ओठ मिटले, बाही सोडली, आणि काकांनी आणि मुलाने मिळून त्यांना उचलून आत बसवलं. टॅक्सी कोपऱ्यावर वळली, बायका एकेक करून घरी गेल्या. सातो-सान होत्या तिथेच उभ्या होत्या, ऐकत असल्यासारख्या.